घर भाड्याने देताय? मराठवाड्यातल्या नव्या घरमालकांसाठी कामाची माहिती

लातूरच्या ट्यूशन एरियात, वाळूजजवळच्या बजाजनगरात, नांदेड-परभणीत वरचा मजला चढवून दोन-चार खोल्या भाड्याने देणारे लोक दलाल किंवा मॅनेजर ठेवत नाहीत. तशी गरजही नाही. आठ-दहा खोल्यांपर्यंतचा व्याप घरच्या माणसाला आरामात जमतो. मात्र करार, पाणी आणि वीज यांचं भाडेकरू सामान घेऊन दारात यायच्या आधीच नीट ठरलेलं असलं पाहिजे. नंतरची बहुतेक भांडणं यांतलं काहीतरी तोंडी बोलीवर सोडल्यामुळे होतात.

आधी घर नीट करा, रंग सगळ्यात शेवटी

खोली रिकामी झाली की पहिला फोन पेंटरला जातो, आणि पैसे वाया जायला तिथूनच सुरुवात होते. क्रम असा ठेवा: गच्ची, मग नळ-ड्रेनेज, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी रंग. ओल आतून येत असेल तर पुट्टी मारून रंग दिलेली भिंत पहिल्या पावसाळ्यातच पापुद्रे सोडते.

गच्चीवर पाणी कुठे मुरतं? बहुधा मधल्या स्लॅबमधून नाही, तर कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून. तिथे सिमेंटचा गोल वाटा (कोपरा बुजवणारा उतरता थर) आहे का, तो फुटलाय का, ते आधी बघा. स्लॅबवरची भेग अर्धा इंच रुंद-खोल कोरून घ्या, ब्रशने धूळ काढा, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने भरा आणि मगच वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. भेगेवरून नुसता हात फिरवला तर उन्हात स्लॅब ताणला जातो आणि थर त्याच रेषेत फाटतो. पावसाच्या पाण्याचा पाइप चार इंची असावा आणि त्याच्या तोंडाला जाळी असावी.

ही कामं मे महिन्यावर ढकलू नका. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि मराठवाड्यात मे महिन्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार असते. गच्चीचं काम भाडेकरू राहत असतानाही होतं, तेव्हा ते फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. वरच्या मजल्याच्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात, म्हणून त्याच वेळी गच्चीला चुना द्या. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात थोडा फेविकॉल घाला आणि पातळ तीन हात द्या. खर्च थोडा, पण खालच्या खोलीत फरक जाणवतो.

काळ्या मातीवरच्या घरांची वेगळी काळजी घ्यावी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराचा पाया वर-खाली होतो. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात बारीक होत असेल, तर दोष मातीचा आहे. अशी भेग कडक सिमेंटने भरली तर वर्षात पुन्हा उघडते. ताणलं जाणारं सीलंट वापरा. खरा उपाय बाहेर आहे: घराभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा, आणि बाथरूमचं किंवा कूलरचं पाणी जोत्यापाशी मुरणार नाही अशी सोय.

गावात जुनं माळवदाचं घर असेल आणि त्याची खोली भाड्याने द्यायचा विचार असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे: देऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं वजनदार छत अंगावर कोसळून. स्वतः राहणं वेगळं. पैसे घेऊन दुसऱ्याचं कुटुंब त्या छताखाली झोपवू नये.

भाडं ठरवताना

आसपासच्या चार खोल्यांचं भाडं विचारा, म्हणजे अंदाज येतो. हिशोब मात्र बारा महिन्यांचा धरू नका. लातुरात मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा झाली की मे महिन्यात खोल्या रिकाम्या होतात आणि दहावीच्या निकालानंतर जूनमध्ये पुन्हा भरतात. म्हणजे विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं उत्पन्न दहा-अकरा महिन्यांचंच. कंपनीतला कामगार मध्येच खोली सोडतो, पण वाळूज-शेंद्र्याकडे दुसरा लवकर मिळतो. सरकारी नोकर दोन-तीन वर्षं टिकतो आणि बदल्यांच्या हंगामात, मे-जूनमध्ये, निघतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी चांगला भाडेकरू हातचा घालवू नका. सात हजारांची खोली एक महिना रिकामी राहिली, तर ते नुकसान जास्तीच्या दोनशेतून भरून यायला तीन वर्षं लागतात.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकं ठेवा. बँकेतून किंवा यूपीआयने घ्या आणि पावती द्या.

माणूस पाहताना

आधार आणि पॅन, कामाचं ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर एवढं मागा. औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचं ओळखपत्र कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, ते बघून घ्या. कंत्राटदाराचं असेल तर काम कधीही थांबू शकतं, त्यामुळे घरच्या एका माणसाचा नंबरही लिहून ठेवा. आधीच्या घरमालकाला एकच प्रश्न विचारला तरी पुरतो: “पुन्हा खोली द्यायची वेळ आली तर याला द्याल का?”

आडनाव विचारून, जात किंवा धर्म पाहून खोली नाकारण्याची रीत अजून गेलेली नाही. ती चुकीची आहे आणि व्यवहारालाही मारक आहे. भाडं वेळेवर देणं आणि खोली नीट ठेवणं, यांचा आडनावाशी काही संबंध नसतो.

करार: पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरी पुरत नाही

घरमालकांमध्ये दोन समज पक्के बसलेत. एक, स्टॅम्पपेपरवर टाइप करून नोटरी केली की करार झाला. दुसरा, अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात दोन्ही चुकीचे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ प्रकारचाच करा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा. याच कायद्याच्या कलम २४ मुळे राहत्या जागेची मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर दिवाणी कोर्टाच्या लांब रांगेऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. नोंदणीकृत करार तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर बसून राहणाऱ्याला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. ही सोय राहत्या जागेसाठी आहे. दुकानाचा गाळा देताना वकिलाकडून वेगळा मसुदा करून घ्या.

नोंदणी घरबसल्या होते:

१. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या आयजीआर महाराष्ट्र संकेतस्थळावर ‘ई-रजिस्ट्रेशन’मध्ये लिव्ह अँड लायसन्स निवडा. मालमत्तेची माहिती घरपट्टीच्या पावतीवर आहे तशीच भरा.

२. दोन्ही पक्षांचे आधार आणि पॅन, तसंच दोन साक्षीदारांचे आधार तयार ठेवा. घर वडिलांच्या नावावर असेल तर सही वडिलांचीच लागते, किंवा त्यांनी दिलेलं मुखत्यारपत्र. भावाभावांच्या सामाईक घरात सगळ्यांची नावं येतात. इथेच करार सर्वात जास्त अडतात.

३. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ‘ग्रास’ या सरकारी ऑनलाइन चलनाने भरा.

४. थंब मशीनवर सगळ्यांचे अंगठे आणि कॅमेऱ्यावर फोटो द्या. मशीन नसेल तर अधिकृत सेवा देणारे लोक घरी येऊन हे करतात, त्यांची फी आधी ठरवून घ्या. कष्टाच्या कामाने ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांचे ठसे लवकर उमटत नाहीत. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट द्या.

५. मसुदा ऑनलाइन पाठवला की दुय्यम निबंधक तपासतात. त्रुटी निघाली तर दुरुस्त करून परत पाठवायचा. दस्त क्रमांक पडलेली प्रत उतरवून भाडेकरूला द्या.

शुल्काचा हिशोब सोपा आहे. संपूर्ण मुदतीचं भाडं आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं ७,००० आणि डिपॉझिट १४,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं ७७,०००, व्याज साधारण १,२८३, बेरीज ७८,२८३. शुल्क दोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एवढ्या रकमेसाठी कायद्याचं पाठबळ सोडून देणं परवडत नाही.

लातूर-नांदेडकडच्या घरमालकांसाठी एक खास गोष्ट. अकरावी-बारावीचा विद्यार्थी बहुधा अठराच्या आतला असतो आणि अल्पवयीनाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. तेव्हा करार आई किंवा वडिलांच्या नावे करा आणि राहणारा म्हणून विद्यार्थ्याचं नाव लिहा.

छापील मसुद्यात नसतात पण घालायलाच हव्यात अशा अटी: राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, भाड्याची तारीख, दरवर्षीची वाढ किती टक्के, कमीत कमी किती महिने राहायचं, सोडण्याआधी एक महिन्याची सूचना, पोटभाडेकरू नाही, लाइट बिलाचं गणित, टँकरचा खर्च कोणाचा, आधी सांगून घरमालकाने खोली पाहायला यायचा हक्क, डिपॉझिट किती दिवसांत परत. सोबत एक यादी जोडा: पंखे, ट्यूब, नळ, बेसिन, किल्ल्या, खिडकीच्या काचा, प्रत्येकाची अवस्था. दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून भाडेकरूलाही पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

पोलिसांना माहिती

जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त भाडेकरूंची माहिती देण्याबाबत वेळोवेळी आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, तोही घरमालकावर. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात फॉर्म भरा आणि पोच जपून ठेवा. विद्यार्थ्यांचीही माहिती द्यायची असते. छत्रपती संभाजीनगरात परदेशी विद्यार्थीही खोली शोधतात. तसं असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते, यात दिरंगाई चालत नाही.

पाणी: मराठवाड्यातला खरा प्रश्न

पैठणच्या नाथसागरावरून संभाजीनगर आणि जालन्याला पाणी येतं, लातूरला मांजरा धरणातून. धरणात पाणी असलं तरी नळाला रोज येईल असं नाही. २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून खोलीत किती माणसं राहणार हे जागेच्या चौरस फुटांवरून नाही, साठवणुकीवरून ठरवा.

काटकसरीने वापरलं तरी माणशी दिवसाला १०० लिटर धरा. चार माणसं म्हणजे दिवसाला ४००. नळ आठवड्यातून एकदा येत असेल तर २,८०० लिटर लागलेच, आणि जलवाहिनी फुटली तर एक पाळी चुकते. सहा फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल हौदात काठोकाठ ५,१०० लिटर मावतं, कारण एका घनफुटात सुमारे २८ लिटर बसतात. वरचे सहा इंच मोकळे सोडले तर हातात साडेचार हजार. चौघांना अकरा दिवस. याच हौदावर आठ विद्यार्थी ठेवले तर सहाव्या दिवशी टँकर बोलवावा लागेल.

उन्हाळ्यात कूलरचं पाणी हिशोबात धरायला लोक विसरतात. मोठा डेझर्ट कूलर मे महिन्यात दिवसाला ५० लिटरहून जास्त पाणी सहज ओढतो, म्हणजे अर्ध्या माणसाचं.

नळ रात्री दोनला आला तर कॉक कोण फिरवणार आणि मोटार कोण लावणार, ते नाव घेऊन ठरवा. “जो जागा असेल तो” हा नियम एकाच आठवड्यात मोडतो आणि हौद वाहून जातो. हौदाच्या पाइपला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. मोटार कोरडी चालली की जळते, म्हणून वरची टाकी भरली की आणि हौद तळाला गेला की मोटार आपोआप बंद करणारं सेन्सर बसवलेलं चांगलं. मोटार चालू आहे पण पाणी चढत नाही, अशी तक्रार आली तर मोटार उघडण्याआधी हौदातल्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह बघा. त्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी परत हौदात उतरतं आणि मोटार हवा ओढत राहते. नळाच्या लाइनला थेट मोटार जोडू नका. महापालिका मोटार जप्त करते, शिवाय शेजाऱ्याचं पाणी जातं.

पाणी वाया जाण्याची सगळ्यात लपलेली जागा म्हणजे फ्लशची टाकी. टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गळतंय. बोअरच्या जड पाण्याने त्या रबरावर पांढरा थर चढतो आणि ते नीट बसत नाही. नवं रबर स्वस्त मिळतं, आणि एक गळकी टाकी दिवसाला काही बादल्या घालवते.

टँकरचा खर्च करारात लिहाच. आमच्या मते न्याय्य वाटणी अशी: बोअर आटला किंवा नळाची पाळी चुकली तर निम्मा घरमालकाचा आणि निम्मा भाडेकरूंमध्ये डोकेपट्टीने. सगळाच भार भाडेकरूवर टाकला तर मेमध्ये खोली रिकामी होते, सगळा स्वतःवर घेतला तर पाणी जपून वापरायचं कोणालाच कारण राहत नाही.

टँकरचं पाणी हौदात पडलं की १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरा. बादलीभर पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी हौदात ओतायचं आणि तासभर थांबायचं. हौदाचं आणि टाकीचं झाकण घट्ट हवं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पंख फुटून उडतो. भाडेकरूंचे पिंप आणि कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करून घ्या.

लाइट बिल आणि विजेची सुरक्षितता

सगळ्या खोल्या एकाच मीटरवर असतील तर बिल फुगतं, आणि त्याचं कारण चोरी नसते. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: पहिल्या १०० युनिटांना सर्वात कमी, मग ३०० पर्यंत बराच जास्त, पुढे आणखी. पाच खोल्यांनी ८०-८० युनिट जाळली तर स्वतंत्र मीटरवर प्रत्येक खोली पहिल्याच टप्प्यात राहते. एकाच मीटरवर मात्र ४०० युनिट होतात आणि बहुतेक युनिट महाग टप्प्यांत जातात. जमेल तिथे स्वतंत्र मीटर घ्या.

एका मुख्य मीटरवर खोल्यांचे सबमीटरच असतील तर हिशोब उघड ठेवा. समजा बिल ३,६०० आणि मुख्य मीटरवर ४०० युनिट, म्हणजे युनिटला ९ रुपये. सबमीटरांची बेरीज ३७० आली तर उरलेले ३० युनिट मोटार आणि जिन्याच्या दिव्याचे, म्हणजे २७० रुपये. नऊ माणसं असतील तर माणशी ३०. ८० युनिटच्या खोलीत दोघं असतील तर ७२० आणि ६० मिळून ७८० रुपये. बिलाची प्रत सगळ्यांना पाठवा आणि वर एक रुपयाही लावू नका. विजेत नफा काढणाऱ्या घरमालकावर भाडेकरू बाकी कशातच विश्वास ठेवत नाही.

सबमीटर खरा चालतो का, ते घरी तपासता येतं. खोलीतलं सगळं बंद केलं की मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा दुसऱ्या खोलीची वायर जोडलेली आहे. मग १,५०० वॉटचा हीटर रॉड भरल्या बादलीत वीस मिनिटं चालवा. अर्ध्या युनिटच्या आसपास पडलं तर मीटर ठीक. व्होल्टेज कमी असेल तर थोडं कमी दाखवेल, पण दुप्पट किंवा निम्मं दाखवलं तर बदला.

आता जिवाचा प्रश्न. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून माणसं जातात. कूलरच्या पंपाचं इन्सुलेशन खराब झालं की वीज पाण्यात आणि पत्र्याच्या अंगात उतरते, आणि ओल्या पायाने हात लावणाऱ्याला धक्का बसतो. एमसीबी इथे उपयोगाचा नाही. तो जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडतो, आणि माणूस मारायला लागणारा प्रवाह त्या मानाने फारच थोडा असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. बोर्डात तो नसेल तर खोली भाड्याने द्यायच्या आधी बसवा, हा खर्च टाळण्यासारखा नाही. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबायचं. लगेच पडला पाहिजे. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता, कारण सुकलेल्या मातीत अर्थिंग काम करत नाही. कूलरचा प्लग तीन पिनांचाच असावा. वायर दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगला २.५ आणि गीझरला ४ ची टाका.

विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हीटर रॉड चालू देऊ नका. सकाळी सहाला पाच खोल्यांत १,५०० वॉटचे रॉड लागले की साडेसात किलोवॉटचा भार पडतो आणि सर्व्हिस वायर तापते. गरम पाणी तुम्हीच पुरवा, सोलर बसवला तर उत्तम, उन्हाची इथे कमतरता नाही. गॅस गीझर बाथरूमच्या आत तर कधीही नको. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि आतला माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो.

घरगुती मीटरवर भाडेकरूने मेस किंवा क्लास सुरू केला तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून दुप्पट दराने आकारणी होते. मीटर तुमच्या नावावर असेल तर नोटीस तुम्हालाच येते.

दर महिन्याचं काम

प्रत्येक खोलीला वहीचं एक पान: भाडं कधी आलं, सबमीटरचं रीडिंग, दुरुस्ती, खर्च. पैसे यूपीआयने आले तरी पावती द्या, कायद्याने ती द्यावीच लागते. तारीख उलटल्यावर तिसऱ्या दिवशी साधा मेसेज, दहाव्या दिवशी प्रत्यक्ष बोलणं, महिना थकला की लेखी नोटीस. तीन महिने “बिचारा अडचणीत आहे” म्हणून गप्प बसलात की डिपॉझिट संपतं आणि मग बोलायला जागा उरत नाही.

घरात एक डबा ठेवा: अर्धा इंची नळाचे वायसर, टेफ्लॉन टेप, फ्लशचं रबर, एक फ्लोट व्हॉल्व्ह, एक एमसीबी. गळणारा नळ त्याच दिवशी दुरुस्त झाला की भाडेकरू पुढची तक्रारही वेळेवर सांगतो, आणि ओल भिंतीत पोचायच्या आत तुम्हाला कळतं.

आयकर विवरणपत्रात भाडं दाखवा. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. वर्षाचं भाडं ८४,००० आणि घरपट्टी ४,००० असेल तर ८०,००० मधून २४,००० जाऊन ५६,००० उत्पन्न धरलं जातं. दुरुस्तीची बिलं वेगळी वजा होत नाहीत.

भाडेकरू निघत नसेल तर

नळ तोडू नका, लाइट कापू नका, कुलूप बदलू नका, सामान रस्त्यावर ठेवू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ अत्यावश्यक सोयी तोडायला मनाई करतं, आणि एकदा तुम्ही तसं केलं की न्यायाची बाजू उलटते. करार नोंदलेला असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन भाडेकरूला लढायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, या भीतीने दर अकरा महिन्यांनी चांगल्या माणसाला हलवणारेही आहेत. कराराने राहणाऱ्याला तसा हक्क मिळत नाही. करार दर वेळी नव्याने नोंदवा, पुरे.

खोली सोडताना

सूचना मिळाली की पंधरा दिवस आधी एकदा खोली पाहून घ्या आणि काय दुरुस्त करून द्यायचं ते तिथेच सांगा. शेवटच्या दिवशी जोडलेली यादी हातात घेऊन दोघांनी मिळून फिरा. खिळ्यांची छिद्रं, फिकट झालेला रंग, सैल झालेली बिजागरी ही वापराची झीज, ती घरमालकाने सोसायची. फुटलेलं बेसिन, जळालेला ओटा, हरवलेली किल्ली भाडेकरूची. वजा केलेल्या प्रत्येक रकमेला बिल दाखवा.

सबमीटरचं रीडिंग त्याच दिवशी घ्या, मागच्या बिलाच्या दराने हिशोब करा आणि डिपॉझिट तिथल्या तिथे खात्यावर टाका. “बिल आल्यावर बघू” म्हणून अडकवू नका, त्या माणसाला पुढच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं असतं. पैसे देताना ताबा पावती घ्या: अमुक तारखेला खोली रिकामी करून किल्ल्या परत दिल्या, काही येणं-देणं बाकी नाही, दोघांच्या सह्या. मुदतीच्या आधी सोडलेल्या खोलीला तर ही पावती लागतेच, कारण नोंदणीकृत कराराप्रमाणे ताबा अजून त्याचाच दिसतो.

मग कुलपाचा लॅच बदला, गॅसची नळी आणि रेग्युलेटरची जागा तपासा, फ्लशला रंग टाकून बघा. खोली महिनाभर बंद राहणार असेल तर बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडंतेल ओता. तेलाच्या तवंगाने पाणी लवकर उडत नाही, गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत, आणि खोली पाहायला येणारा माणूस नाकाला रुमाल लावून मागे फिरत नाही.